फिल्मची साक्ष

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमची नात पुण्याहून दारव्ह्यास आली, तेव्हा माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरविण्याचा योग आला. या पेटीत आमच्या नानाकाकांनी काढलेल्या छायाचित्रांच्या निगेटिव्ह एकतीस लिफाफ्यांत घालून ठेवलेल्या आहेत. प्रत्येक लिफाफ्यावर तारीख, प्रसंग आणि फिल्मची जात अशी तीन कलमे काकांच्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलेली. नातीने एका मोबाईलचा पडदा पांढरा करून त्यावर एकेक निगेटिव्ह धरली, दुसऱ्या मोबाईलने ती टिपली, आणि काळ्याचे पांढरे व पांढऱ्याचे काळे करण्याची किमया एका बोटाने उरकली. ज्या कामास काकांना आणि आम्हांस अख्खी रात्र लागे, ते पापणी लवण्याच्या आत झालेले पाहून आम्ही थक्क झालो, हे मोकळेपणाने कबूल करतो.

पेटीच्या तळाशी बत्तिसावा लिफाफा होता. त्यावर एक अक्षरही नव्हते. आत तळहाताएवढी एकच निगेटिव्ह होती.

“आजोबा, ह्या कोण?” नातीने विचारले.

“आमच्या आत्या. तुझ्या जन्मापूर्वीच त्या गेल्या.”

“रंग भरू का फोटोत?”

जुन्या चित्रांत आपोआप रंग भरण्याची सोय हल्ली मोबाईलमध्ये असते. आम्ही मान डोलावली. क्षणभराने चित्र रंगून आले. लुगड्याचा काठ काळाभोर, चोळी दुधट, कपाळावर काजळाच्या बोटासारखा ठिपका आणि चेहरा करपल्यासारखा. आमच्या तोंडून एकदम निघून गेले, “हे सर्व खोटे आहे!”

“पण आजोबा, फोटोत तसंच तर आहे,” ती म्हणाली.

तिचे म्हणणे खरे होते. फोटोत तसेच होते, आणि ते तसे होते म्हणूनच आमच्या आत्याच्या आयुष्यास वेगळे वळण लागले. ती हकीकत नातीस सांगावयाची तर आधी फिल्म म्हणजे काय आणि तिच्या जाती कोणत्या, हे सांगणे भाग होते. त्या दिवशी तिला जे सांगितले, तेच वाचकांपुढे ठेवीत आहोत; कारण अशी एखादी पेटी बहुतेक जुन्या घरांच्या माळ्यावर असते, आणि तीत एखादा बिननावाचा लिफाफाही असतो.

फिल्म ही तीन वस्तूंच्या संयोगाने होते. पहिली पाठ, म्हणजे पारदर्शक पट्टी; दुसरी त्या पट्टीवर चढविलेला सरसासारखा थर, ज्यास जिलेटीन म्हणतात; आणि तिसरी त्या थरात विखुरलेले चांदीच्या क्षाराचे अतिसूक्ष्म कण. कणावर प्रकाश पडला की त्यात डोळ्यांस न दिसणारा फरक घडतो. डेव्हलपर नावाचे औषध अशा कणांची शुद्ध चांदी करते, आणि ही चांदी बारीक असल्यामुळे काळी दिसते. ज्यांवर प्रकाश पडला नाही ते कण हायपोच्या पाण्यात विरघळून जातात. तात्पर्य, कृष्णधवल चित्रातील काळेपणा ही वस्तुतः चांदीच होय. ती सहसा फिकी पडत नाही, आणि म्हणूनच पणजोबांचे फोटो अजून शाबूत असतात.

पट्टीची कथा तर आम्हां यवतमाळकरांस जिव्हाळ्याची वाटावी अशी आहे. अमेरिकेत ईस्टमन यांनी १८८९ मध्ये जी पारदर्शक गुंडाळी बाजारात आणली, तिचा मूळ पदार्थ कापूस! कापसावर तीव्र आम्लांची प्रक्रिया करून ती नायट्रेटची पट्टी बनवीत. ती दिसावयास काचेसारखी, परंतु स्वभावाने बंदुकीच्या दारूची बहीण. एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. २००३ च्या जानेवारीत पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात अशा जुन्या नायट्रेट फिल्मांच्या साठ्यास आग लागली आणि आपल्या कित्येक जुन्या चित्रपटांच्या प्रती कायमच्या नष्ट झाल्या. पुढे नायट्रेट मागे पडून ॲसिटेटची पट्टी आली. ती भडकत नाही, पण दमट व उष्ण जागी वर्षानुवर्षे कोंडून ठेवल्यास आंबते. पेटी उघडताच व्हिनेगरसारखा वास आला तर समजावे की तिचे दिवस भरत आले, आणि तिच्यावरील चित्रे लौकर उतरवून घ्यावीत.

जिलेटीनविषयी मात्र आमच्या घरात कित्येक वर्षे मौन पाळले गेले. ते गुरांच्या हाडांपासून व कातड्यापासून करतात. आमच्या आजीचे सोवळे कडक. तिला हे कळते तर देवघराशेजारी लावलेला आजोबांचा फोटो त्याच दिवशी अंगणात आला असता. नानाकाका ही गोष्ट जाणून होते आणि आजीसमोर फिल्मचा विषय निघाला की कापसावरच थांबत. या जिलेटीनचे आणखी एक नवल आहे. एकाच कृतीने केलेली फिल्म कधी तेज निघे, कधी मंद. कारण कोणास उमगेना. १९२५ च्या सुमारास शेपर्ड नावाच्या संशोधकाने शोधून काढले की, मोहरीच्या जातीच्या वनस्पती गुरांच्या खाण्यात आल्या म्हणजे त्यांतील गंधकाचा अंश जिलेटीनमध्ये उतरतो आणि त्यायोगे चांदीचे कण अधिक जागरूक होतात. गाईने कोणत्या रानात काय खाल्ले, यावर कोणाचा चेहरा उजळ उमटावा हे ठरत होते!

आता आमच्या शिक्षणाकडे वळू. नानाकाकांजवळ बडोद्यास तयार झालेला आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा होता. त्यात १२० नंबरचा रोल बसे व बारा चौकोनी चित्रे निघत. रोल धुण्यासाठी यवतमाळास पाठवावयाचा म्हणजे खर्च आणि आठ दिवसांची वाट. म्हणून काका तो घरीच, रात्री न्हाणीघरात धूत. १९७२ पासून, म्हणजे आमच्या चौदाव्या वर्षापासून, आम्ही त्यांचे मदतनीस झालो. आमची निवड हुशारीमुळे झाली नव्हती. आजोबांच्या हाताखाली संस्कृत शिकल्यामुळे आमचे पाठांतर एका लयीत चाले, हा आमचा गुण. न्हाणीघराचे दार लावून, फटींत गोधड्या कोंबून काका रोलची दोन टोके दोन हातांत धरीत आणि इनॅमलच्या तसराळ्यातील औषधातून तो खालीवर खेळवीत. अंधारात घड्याळ दिसणार कसे? म्हणून आम्ही रामरक्षा म्हणावयाची. आमच्या चालीने ती आठ मिनिटांत पुरी होई. थंडीच्या दिवसांत औषध मंद होई, म्हणून वर मारुतिस्तोत्र जोडावे लागे. नातू मध्यरात्री न्हाणीघरात स्तोत्रे म्हणतो, याचे आजीस मोठे कौतुक वाटे.

उन्हाळ्यात मात्र कोणतेच स्तोत्र कामास येत नसे. फिल्म धुण्याचे पाणी वीस अंशांच्या आसपास असावे असे शास्त्र. आणि वैशाखात आमच्याकडे दुपारी पारा चाळीस अंशांवर, रात्री नळाचे पाणीही कोमट. ऊन पाण्यात जिलेटीन फुगते, सुटते आणि पट्टीवरून घसरते. १९६६ च्या वैशाखात आमची मुंज झाली. काकांनी उत्साहाच्या भरात त्याच रात्री रोल धुतला आणि बाराही चित्रे दुधावरच्या साईसारखी सुरकुतून गोळा झाली. त्यानंतर काकांनी नियम केला की, उन्हाळ्यातील रोल पहाटे चार वाजता, माठातील पाण्याने आणि तुरटीच्या जातीच्या क्षाराने थर घट्ट करून मगच धुवावयाचा. आमच्या मुंजीचे एकही चित्र नाही, ते यामुळे.

या रात्रींत काकांनी आम्हांस फिल्मचे दोन गुण शिकविले. पहिला गुण वेगाचा. रोलच्या डबीवर अंक असतो. अमेरिकन मोजणीत तो दुप्पट झाला की फिल्म दुप्पट तेज. जर्मन मोजणीत तीन अंश वाढले की दुप्पट. त्या काळी आमच्याकडे पूर्व जर्मनीतील वोल्फेन गावची ओर्वो फिल्म मिळे. तिची एनपी १५ ही सर्वांत मंद, एनपी २० मध्यम, आणि एनपी २७ अतितेज. मंद फिल्मचे कण बारीक. तिला भरपूर ऊन लागते, पण चित्र पिठीसारखे मऊ उमटते व कितीही मोठे केले तरी रेष तुटत नाही. तेज फिल्मचे कण जाड. ती ढगाळ दिवशीही चालते, पण चित्र रव्यासारखे भरड दिसते. पुढे उटकमंडच्या सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्स कारखान्याची इंदू फिल्मही आम्ही वापरली. १९६० मध्ये स्थापन झालेला तो कारखाना तोट्यात जाऊन आता बंद पडला आहे. परंतु स्वदेशी फिल्मवर आपल्या घरची माणसे उमटताना पाहण्याचा आनंद काही वेगळाच होता.

दुसरा गुण दृष्टीचा, आणि आमच्या कथेचे मर्म त्यातच आहे. रोल धुताना मिट्ट काळोख लागे. पण दुसऱ्या रात्री कागदावर कॉपी काढताना काका खुशाल तांबडा दिवा लावीत. आम्ही कारण विचारले. काका म्हणाले, “या कागदाला तांबडे दिसत नाही. ज्याला तांबडे दिसत नाही, त्याच्यापुढे तांबडा दिवा लावला काय आणि न लावला काय! ही फिल्म मात्र सगळे पाहते, म्हणून तिच्यापुढे अंधारच हवा.”

चांदीच्या क्षारास मुळात केवळ निळा व जांभळा प्रकाशच दिसतो. १८७३ मध्ये बर्लिन येथील फोगेल यांनी दाखविले की, थरात विशिष्ट रंगद्रव्य मिसळल्यास त्यास हिरवा व पिवळाही दिसू लागतो. या सुधारलेल्या फिल्मेस ऑर्थोक्रोमॅटिक म्हणू लागले. पण तांबड्यास ती आंधळीच राहिली. पुढे १९०६ मध्ये इंग्लंडातील रॅटन व वेनराइट या मंडळींनी सर्व रंग पाहणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा विक्रीस आणल्या. तरी जुनी जात लगेच नाहीशी झाली नाही. ती स्वस्त होती, आणि तांबड्या उजेडात धुता येत असल्यामुळे दुकानदारांस सोयीची होती. कोडॅकची घरोघर खपणारी व्हेरिक्रोम फिल्म १९५६ पर्यंत ऑर्थोच होती.

या दोन जातींतील अंतर समजण्यास कपाळावरील कुंकवासारखे साधन नाही. ऑर्थो फिल्मवर कुंकू काळेभोर उमटते, ओठ काळपट दिसतात, देवीचे वण उठून दिसतात, आणि गव्हाळ कांती एकदोन पायऱ्या काळवंडते; उलट गर्द निळे वस्त्र पांढुरके होते. पॅन फिल्मवर निळे आपल्या गडदपणास जागते, परंतु कुंकू चेहऱ्याच्या छटेत मिसळून फिके पडते. कधी तर कपाळ रिकामे असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात स्त्री तीच, कुंकू तेच. स्फटिकाशेजारी जास्वंदीचे फूल ठेवले म्हणजे स्वच्छ स्फटिक तांबडा भासतो, हा दृष्टान्त शास्त्रकार देतात. येथे त्याहून विपरीत प्रकार घडतो. फूल तांबडेच आहे. पाहणारा त्यास काळे म्हणतो, आणि शपथेवर म्हणतो.

आता आत्याची हकीकत. आत्या वडिलांची धाकटी बहीण. जन्म १९३२ चा. १९५० मध्ये तिच्यासाठी स्थळे पाहावयास आरंभ झाला. वऱ्हाडातीलच एका सधन घरी पत्रिका गेली. जोशीबुवांनी छत्तीसपैकी सव्वीस गुण जमतात असे सांगितले. तिकडूनही होकारार्थी उत्तर आले, फक्त मुलीचा फोटो पाठवावा अशी सूचना होती. आजोबा तिला घेऊन शहरातील एका स्टुडिओत गेले. काचेचे छप्पर, पाठीमागे रंगविलेला पडदा, काळ्या कापडाखाली शिरलेला फोटोग्राफर. आत्याने आजीचे तांबड्या काठाचे लुगडे आणि गर्द निळी खणाची चोळी घातली होती. आजोबांनी तीन कॉप्या काढवल्या, आणि आठवणीने निगेटिव्हही मागून आणली.

पंधरा दिवसांनी फोटो परत आला. सोबत पत्र: पत्रिका जमत नाही. मध्यस्थाकडून खरे कारण कळले ते असे, की मुलगी फारच सावळी आहे. तीच कॉपी आणखी दोन घरी गेली आणि परत आली. वडिलांनी आणखी खटपट केली नसती असे नाही. पण आत्यानेच एके दिवशी तिन्ही कॉप्या चुलीत घातल्या आणि शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जाते असे सांगितले. तिने १९९० पर्यंत मुलींच्या शाळेत नोकरी केली. आमची फी, बंधूंची पुस्तके, बहिणीच्या लग्नातील भांडी, हे सर्व तिच्या पगारातून झाले. आम्हांस मुळाक्षरे तिनेच शिकविली. पण कॅमेऱ्यासमोर ती पुन्हा उभी राहिली नाही. काकांच्या एकतीस लिफाफ्यांत ती एकदाच सापडते: १९७३ च्या श्रावणातील मंगळागौरीच्या चित्रात, दाराआड, हातात तबक घेऊन पाठमोरी. त्या ढगाळ दिवशी काकांनी एनपी २७ वापरली होती. रवा इतका भरड की हात कोठे संपतो आणि तबक कोठे सुरू होते, तेही कळत नाही.

१९८४ मध्ये दिवाळीच्या साफसफाईत आम्हांस आजीच्या ट्रंकेत ते लुगडे मिळाले आणि त्याच घडीत ही निगेटिव्ह. चूल कॉप्यांस मिळाली होती. निगेटिव्ह आजीने लपवून ठेवली असावी. आम्ही उत्सुकतेने रात्री कागदावर एक कॉपी काढली. तांबड्या दिव्याच्या उजेडात चित्र हळूहळू वर आले आणि आम्ही चमकलो. समोर लुगड्याचा काठ लखलखीत तांबडा, आणि चित्रात तोच काठ कोळशासारखा. चोळीचा खण ट्रंकेतच होता, गर्द निळा. चित्रात तो जवळजवळ पांढरा. आमच्या डोक्यावरच तांबडा दिवा जळत होता. काकांचे वाक्य आठवले आणि बारा वर्षांनी त्याचा अर्थ लागला. आत्यास ज्या फिल्मने पाहिले, तिला तांबडे दिसत नव्हते. मग गव्हाळ रंगातील तांबूसपणा दिसावा कोठून? स्टुडिओवाल्याने फसवणूक केली नव्हती. त्याने हाताशी होती ती फिल्म वापरली. पण परिणाम व्हावयाचा तो झाला.

आम्ही तेव्हा सव्वीस वर्षांचे, नवे मास्तर. शोधाचा आनंद पोटात मावेना. ओली कॉपी, लुगडे व चोळी घेऊन तडक आत्याकडे गेलो. ती ओसरीवर कंदिलापाशी शाळेच्या वह्या तपासत होती. आम्ही ऑर्थो काय, पॅन काय, सर्व एका दमात सांगितले आणि शेवटी म्हणालो, “आत्या, दोष तुझ्या वर्णाचा नव्हता. फिल्म आंधळी होती.”

तिने कॉपी हातात घेतली. चौतीस वर्षांनी ती स्वतःचा चेहरा पाहत होती. पुष्कळ वेळाने म्हणाली, “बरं झालं सांगितलंस. पण अरे, फिल्मला कशाला बोल लावतोस? ती बिचारी आपल्या स्वभावानं वागली. डोळे असलेली माणसं इथून तीस कोसांवर होती. मूर्तिजापूरची गाडी त्या वेळी रोज धावत होती. त्यांना येऊन बघायला काय झालं होतं?” मग चष्मा पुसून ती पुढची वही तपासू लागली. थोड्या वेळाने वर न पाहताच म्हणाली, “आणि समज, मी खरंच तशी असते, तर?”

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. फिल्मचे रसायन आम्हांस उमगले होते, पण त्या प्रश्नाचे उत्तर रसायनात नव्हते.

आणि या शोधाने आम्ही शहाणे झालो, असेही नाही. १९८७ मध्ये धाकट्या बंधूंसाठी स्थळे पाहत होतो. टपालाने सहा फोटो आले. आम्ही ओसरीवर बसून एका मिनिटात दोन बाजूस काढले. आत्या जवळच होती. तिने विचारले, “ते दोन का रे?” आम्ही म्हणालो, “वर्ण जरा...” आणि जीभ चावली. ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही रजा काढली आणि तिला बरोबर घेऊन एसटीने ती दोन्ही स्थळे प्रत्यक्ष पाहून आलो. एका मुलीचे लग्न ठरून गेले होते. दुसऱ्या घरी मुलगी शिकलेली, चुणचुणीत. आम्ही होकार कळविला, तर आठ दिवसांनी त्यांचाच नकार आला. मुलाची नोकरी कायम नव्हती! पत्र वाचून आत्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तिला इतके मोकळे हसताना आम्ही पूर्वी कधी पाहिले नव्हते.

एव्हाना रंगीत फिल्म घरोघर आली होती. तिच्यात एकावर एक तीन थर असतात. एक निळे टिपतो, एक हिरवे, एक तांबडे. धुताना प्रत्येक थरात रंगद्रव्य तयार होते आणि चांदी सर्वच्या सर्व काढून टाकली जाते. म्हणजे चित्र उरते ते निव्वळ रंगावर. आणि चांदी टिकते तसा रंग टिकत नाही. आमच्या बहिणीचे लग्न १९८२ चे. ते सर्व चित्रण रंगीत. आज त्या कागदांतील निळसर छटा उडून गेली आहे आणि सारे वऱ्हाड कुंकवात न्हाल्यासारखे तांबडे झाले आहे. वधूच्या कपाळावरील कुंकू आता चेहऱ्यात शोधावे लागते. रात्रीची चित्रे तर पहिल्या दिवसापासून पिवळी होती, कारण फिल्म सूर्यप्रकाशासाठी जुळविलेली आणि मांडवात विजेचे दिवे. वधूवरांस हळद दोनदा लागली, असे आम्ही विनोदाने म्हणत असू.

रंगीत फिल्मेतही दोन कुळे आहेत. निगेटिव्ह देणारी फिल्म आजीसारखी क्षमाशील. प्रकाश थोडा कमीअधिक झाला तरी सांभाळून घेते. सरळ पारदर्शक चित्र देणारी, म्हणजे स्लाईडची फिल्म, कडक परीक्षकासारखी. अर्ध्या पायरीची चूकही ती माफ करीत नाही, पण उत्तीर्ण झालेल्यास तेज देते ते दुसरीकडे नाही. अमेरिकेतील आमच्या चुलतभावाने १९७६ मध्ये कोडाक्रोमच्या काही स्लाईड आणल्या होत्या; त्यांतील शेवंती आजही पिवळीधमक आहे. त्या फिल्ममध्ये रंगद्रव्य आधी नसेच, धुताना बाहेरून घालीत. म्हणून अंधारात ठेवल्यास ती फार टिकते. १९३५ मध्ये जन्मलेली ती फिल्म २००९ मध्ये बंद झाली. इतर काही जाती अजून निघतात. हौशी लोकांसाठी इंग्लंडातील इल्फर्डने २०१९ मध्ये ऑर्थोचे रोलही पुन्हा बाजारात आणले आहेत. तांबडे न पाहणारी फिल्म आज मुद्दाम, हौसेने वापरतात. स्वभाव ओळखून वापरली तर तीत वावगे काहीच नाही.

नातीने हे सर्व ऐकून घेतले आणि विचारले, “मग आताच्या मोबाईलला सगळे रंग बरोबर दिसतात ना?” आम्ही तिलाच तिचा स्वतःचा फोटो दाखविण्यास सांगितले. तो तिच्याहून दोन पायऱ्या गोरा होता. यंत्राने न विचारताच तिचा रंग उजळला होता. पूर्वीची फिल्म तांबडे पाहू शकत नव्हती म्हणून चुकली. आताच्या यंत्राने लोकांची आवड ओळखली आहे म्हणून ते चुकते. पहिल्या चुकीत निदान कोणाची खुशामत नव्हती. नातीने आपला फोटो पुष्कळ वेळ पाहिला आणि ती काही बोलली नाही. ज्ञानाची साधने कोणतीही असोत, साक्षीदाराचा स्वभाव ओळखल्यावाचून साक्ष प्रमाण मानू नये, हे न्यायशास्त्राचे शिक्षण आम्हांस आजोबांकडून मिळाले. पण त्याचा खरा धडा आत्याच्या वह्यांपाशी मिळाला. यंत्र सांगते ते ऐकावे, आणि मग गाडीत बसून प्रत्यक्ष पाहून यावे.

आत्या २००६ मध्ये गेली. तिचे लुगडे अजून आमच्याकडे आहे. आम्ही ते ट्रंकेतून काढून नातीपुढे उलगडले. पंचाहत्तर वर्षांनंतरही काठ तांबडाच आहे. तिने मोबाईलमधील रंगविलेले चित्र पुसून टाकले आणि कृष्णधवल तेवढे ठेवले. मग म्हणाली, “आजोबा, ह्या लिफाफ्यावर काहीच लिहिलेलं नाही. आपण लिहू या.”

तिने काकांच्या पद्धतीने तीन कलमे लिहिली: साल १९५०, प्रसंग, स्थळास पाठविण्यासाठी, फिल्म, ऑर्थो. तेवढ्याने तिचे समाधान झाले नाही. खाली तिने आपल्या हाताने आणखी एक ओळ घातली, आणि ती आम्ही तशीच राहू दिली: “काठ तांबडा आहे, चोळी निळी आहे. बाकी फोटोवरून ठरवू नये.”